खेळताना पडलेली मुले

चेन्नईत येऊन राहिलेल्या मराठी माणसाला तमिळ लिपी शिकविण्याचे पुण्यकार्य शाळा करीत नाहीत. ते चहाची दुकाने करतात. दुकानापुढे दोरीला वर्तमानपत्राचा एक लांबट कागद अडकविलेला असतो, आणि त्या दिवसाची मुख्य बातमी त्यावर अशा ठसठशीत अक्षरांत छापलेली असते, की चष्मा घरी विसरलेल्या माणसासही ती चुकविता येऊ नये. आमचे सारे तमिळ अक्षरज्ञान या कागदांवर पोसलेले आहे. सोन्याचा भाव, पावसाची सुट्टी, एखाद्या नटाचा राजकारणप्रवेश आणि एखाद्या मंत्र्याची अटक एवढ्या शब्दसंपत्तीच्या आधारे आम्ही येथे सेवानिवृत्तीचे दिवस बऱ्यापैकी सुखाने काढीत आहोत.

२०२३ च्या जानेवारीत अशाच एका कागदावरचे गावाचे नाव आम्ही अक्षराला अक्षर जोडून वाचले. चेंगलपट्टू. त्याखाली 'सिरुवन', म्हणजे मुलगा. पुढचा मजकूर दुकानदाराने चहा गाळता गाळता वाचून दाखविला, आणि वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे त्यावर काही भाष्य केले नाही.

हकीकत थोडक्यात अशी. सतरा वर्षांच्या एका मुलास रेल्वेच्या बॅटऱ्या चोरल्याच्या संशयावरून पकडण्यात आले व चेंगलपट्टूच्या सरकारी निरीक्षणगृहात पाठविण्यात आले. आपल्याकडे ज्यास अजूनही लोक रिमांड होम म्हणतात, तेच हे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी तो मुलगा मरण पावला. प्रकृती बिघडली, असे आधी सांगण्यात आले. आई मात्र विचारीत राहिली. शवचिकित्सेत अंगावर माराच्या खुणा आढळल्या, आणि जानेवारीच्या मध्यास निरीक्षणगृहाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. मुलाचे नाव आम्ही लिहीत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७४ वे कलम तसे लिहू देत नाही, आणि कायदा नसता तरी आम्ही ते लिहिले नसते.

हे गाव चेन्नईहून फार दूर नाही. उपनगरी आगगाडी तेथवर जाते. मुलांना कोंडून सुधारण्याची तेथील परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. लहान मुलांचा न्याय मोठ्यांपासून वेगळा करावा, असे सांगणारा हिंदुस्थानातील पहिला कायदा १९२० साली याच मद्रास इलाख्याने केला. मुंबईस त्यासाठी १९२४ पर्यंत थांबावे लागले. या प्रांताविषयी आमच्या मनात जो आदर आहे, त्यात या गोष्टीचाही वाटा आहे. त्या दिवशी चहा तसाच ठेवून आम्ही घरी आलो ते मात्र या इतिहासामुळे नव्हे. आम्हांस एकाएकी टिंक्चर आयोडीनची आठवण झाली होती.

१९८७ साली आम्ही लेखापरीक्षेच्या नोकरीत नवे होतो. दक्षिणेतील एका जिल्ह्याच्या गावी (गावाचे व संस्थेचे नाव येथे नको) मुलांच्या एका वसतिगृहाचे अनुदानाचे हिशेब तपासण्यास आम्हांस धाडण्यात आले. अनाथ, घरातून पळालेली, न्यायालयाने पाठविलेली अशी सुमारे सव्वाशे मुले तेथे होती. अधीक्षक जूनमध्येच रुजू झालेले, अतिशय मृदुभाषी गृहस्थ. त्यांनी आम्हांस पंख्याखाली बसविले, पितळी पेल्यातून कॉफी दिली, आणि कपाटातील सर्व नोंदवह्या न मागता टेबलावर आणून ठेवल्या. ज्यांनी हे काम केले आहे, ते वाचक जाणतात, की असा कारभारी भेटला म्हणजे तपासणाऱ्याचे अर्धे मन तेथेच जिंकले जाते.

आम्ही कसून काम केले, हे सांगावयास हवे. दुधाचा हिशेब हजेरीशी ताडून पाहिला. तांदळाची तूट काढली. सतरंज्या मोजल्या. आणि औषधांच्या साठ्यात आम्हांस एक विसंगती सापडली. आदल्या साऱ्या वर्षात टिंक्चर आयोडीनच्या नऊ बाटल्या लागल्या होत्या. चालू वर्षी ऑक्टोबरपर्यंतच एकतीस संपल्या होत्या. कापूस आणि पट्ट्यांचेही तसेच. आम्हांस, खरे सांगतो, आनंद झाला. कंपाउंडर औषधे बाहेर विकत असणार, असा आमचा तर्क होता. आम्ही ताबडतोब हाफ मार्जिन काढला: 'टिंक्चर आयोडीनचा खप प्रमाणाबाहेर वाढल्याचे दिसते, कारण स्पष्ट करावे.' दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूस सुरेख हस्ताक्षरात उत्तर आले: 'मुले खेळताना पडतात.'

उत्तर समाधानकारक होते. औषधे खरोखरच मुलांना लागली होती, कोणी विकली नव्हती, सरकारचा पैसा बुडाला नव्हता. पॅरा मिटला. आम्ही त्याखाली सही केली, आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो.

त्या वसतिगृहास खेळण्याचे पटांगण नव्हते. इमारतीच्या मधल्या चौकात सरपण रचलेले होते आणि त्यावरून कपडे वाळविण्याच्या दोऱ्या गेल्या होत्या. आम्ही ते सरपणसुद्धा मोजले होते. मुलेही पाहिली होती. ती भिंतीलगत ओळीने बसलेली होती व आमच्याकडे पाहून सर्वांनी एकदम नमस्कार केला होता. इतकी शिस्त कोठून आली, असा प्रश्न आमच्या मनात आला होता. आम्ही तो अधीक्षकांच्या कर्तबगारीच्या खात्यात जमा करून टाकला.

तीन-चार वर्षांनी त्याच वसतिगृहाची बातमी एका वर्तमानपत्रात आली. तेथून पळालेल्या दोन मुलांनी कोणास तरी आपल्या पाठी दाखविल्या होत्या. पहिल्या दिवशी बातमी पहिल्या पानावर होती, दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, आणि तिसऱ्या दिवशी चौकशी अधिकारी नेमल्याच्या चार ओळी. त्यानंतर आम्ही कित्येक आठवडे तो अंक चाळीत राहिलो. तेथे त्या गावचे नाव पुन्हा दिसले नाही. चौकशीत काय निघाले, निघाले की नाही, हे आम्हांस आजतागायत ठाऊक नाही. वार्ताहराने मुलांच्या पाठी पाहिल्या होत्या, नोंदवही पाहिली नव्हती. ती आम्ही पाहिली होती. आमच्या मनात त्या चौकशी अधिकाऱ्यास पत्र लिहावयाचे आले होते. तथापि आपली सही असलेला मिटलेला पॅरा पुन्हा उघडावा, इतके धैर्य आमच्या ठायी त्या वेळी नव्हते. पदोन्नतीची यादी त्याच महिन्यात लागावयाची होती, हेही लपवीत नाही.

तेव्हापासून अशा प्रकरणांत वृत्तपत्रांचे काम नेमके कोणते, याचा विचार आमचा पाठलाग करीत आला आहे. सरकारी माणसाची वृत्तपत्रांविषयीची मते सहसा प्रतिकूल असतात, आणि आमचीही पुष्कळ वर्षे तशीच होती. ते आरडाओरडा करतात, अर्धवट छापतात, आणि कामे अडवितात, अशी आमची तक्रार असे. आज आमची तक्रार निराळी आहे. ते फार लवकर निघून जातात.

न गेलेली एक व्यक्ती मात्र आमच्या पाहण्यात आहे, आणि ती आपल्या मुंबईची. शीला बारसे या कोणत्याही एका पत्राच्या चाकरीत नसलेल्या पत्रकार होत्या. कोठड्यांतील स्त्रियांविषयी त्यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो विधिज्ञांस परिचित आहे. पुढे त्यांनी मानखुर्दच्या निरीक्षणगृहाचा प्रश्न हाती घेतला. हे गृह मुंबईची चिल्ड्रेन्स एड सोसायटी चालवीत असे, आणि या सोसायटीचा पदसिद्ध अध्यक्ष म्हणजे खुद्द राज्याचा मुख्यमंत्री. ज्या घराचा मालक मुख्यमंत्री, त्या घराच्या कोठीघरात शिरून मुले येथे इतके महिने का राहतात, त्यांच्या प्रकरणांचा पाठपुरावा कोण करतो, असे विचारावयाचे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले व डिसेंबर १९८६ मध्ये त्याचा निकाल लागला. त्याच वर्षी तुरुंगांत अडकलेल्या सोळा वर्षांखालील मुलांविषयीच्या बाईंच्याच दुसऱ्या अर्जावर न्यायालयाने देशभरच्या जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांची पाहणी करून अहवाल पाठविण्यास फर्माविले.

आणि येथे या कथेचा सर्वात विलक्षण भाग येतो. तारखांवर तारखा पडत गेल्या. राज्ये उत्तरे पाठवीनात. बाई इतक्या संतापल्या, की १९८८ साली त्यांनी आपला अर्ज परत मागितला. न्यायालयाने तो दिला नाही. हे प्रकरण आता मुलांचे आहे, अर्जदाराचे नव्हे, असे म्हणून त्यांचे नाव काढून टाकण्यात आले व त्या जागी न्यायालयाच्या विधिसाहाय्य समितीस उभे करण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. आम्हांस मात्र वाटते, की ज्या माणसाच्या संतापावर प्रकरण चालत होते तो संतापच बाजूस काढून ठेवल्यावर मागे जी फाइल उरते, तिचा स्वभाव आपण सारे चांगलाच जाणतो.

बाई तरीही थांबल्या नाहीत. मडगावात गुरुकुल नावाने अनाथालय चालविणाऱ्या फ्रेडी पीट्स या इसमास एप्रिल १९९१ मध्ये अटक झाली. त्याच्या घरात मुलांची दोन हजारांवर अश्लील छायाचित्रे सापडली. असे असूनही खटला रेंगाळत होता. बारसे यांनी गोव्यात जाऊन त्याचा पाठपुरावा केला, आणि मार्च १९९६ मध्ये त्यास जन्मठेप झाली. मधली पाच वर्षे कोणत्याही दुकानापुढच्या कागदावर छापण्याजोगी नव्हती.

उलट उदाहरणही मुंबईशीच निगडित आहे. मानखुर्दला लागून असलेल्या देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील एका चमूने बिहार सरकारच्या सांगण्यावरून त्या राज्यातील शंभरावर निवासी संस्थांची पाहणी केली व २०१८ च्या पूर्वार्धात अहवाल दिला. त्यात मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाविषयी जे लिहिले होते, ते वाचून मे महिन्याच्या अखेरीस गुन्हा नोंदला गेला. या बालिकागृहाचा सर्वेसर्वा स्वतः वृत्तपत्राचा मालक होता. वृत्तपत्रे अशा ठिकाणी जातात, या समजुतीवर आपण निर्धास्त असतो. येथे वृत्तपत्र आणि बालिकागृह एकाच धन्याचे होते. बोलका ठरला तो पाहणीचा एक कागद, म्हणजे आमच्यासारख्यांनी लिहावयाचा आणि बहुधा न लिहिलेला कागद.

पुढे देशभरचे कॅमेरे तेथे लोटले आणि दुसरेच संकट उभे राहिले. मुलींचे चेहरे धूसर करून दाखविणे, त्यांच्याकडून तेच पुन्हा पुन्हा वदवून घेणे सुरू झाले. ऑगस्टच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयास हे थांबवावे लागले. धूसर केलेले चित्रही दाखवू नये, मुलाखत घेऊ नये, असा हुकूम निघाला. तो योग्यच होता. परंतु त्याच महिन्यात पाटण्याच्या उच्च न्यायालयाने तपासाची कोणतीही बातमीच छापू नये, असे फर्माविले. ही सरसकट बंदी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने उठविली. २०२० च्या जानेवारीत दिल्लीच्या न्यायालयाने त्या मालकासह एकोणीस जणांना दोषी ठरविले. मुलीचा चेहरा झाकणे आणि घराची पाटी झाकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कारभारी मंडळी त्या एकाच पडद्याखाली आणू पाहतात. मुलांच्या अब्रूचा कळवळा त्यांना बहुधा चौकशी सुरू झाल्यावरच येतो.

आपल्या महाराष्ट्राची कथाही याहून फार वेगळी नाही. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहात मुले उपासमारीने दगावल्याच्या बातम्या २०१० साली छापून आल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची आपण होऊन दखल घेतली. त्यातून राज्यभरच्या अशा गृहांच्या पाहणीस आरंभ झाला, आणि २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीच्या गृहातील भयंकर प्रकार उजेडात आला. २०१३ च्या मार्चमध्ये त्याच्या चालकास व इतर काहींना शिक्षा झाल्या. बातमी एका गावची, उघडले दुसरेच दार. ज्या बोलू न शकणाऱ्या मुलांपर्यंत एकही वार्ताहर पोचला नव्हता, त्यांच्यापर्यंत त्या बातमीने पाहणी करणारी माणसे पोचविली.

परदेशांत वृत्तपत्रांनी याहून पुष्कळ पुढची मजल मारली आहे. आयर्लंडात मेरी रॅफ्टरी नावाच्या पत्रकार बाईंनी १९९९ साली तेथील औद्योगिक शाळांवर दूरचित्रवाणीची मालिका केली. तिचा शेवटचा भाग दाखविला गेला त्याच दिवशी पंतप्रधानांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. चौकशी आयोगाचा अहवाल मात्र यावयास मे २००९ उजाडला. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल गावच्या एका दैनिकात जोअॅन मॅकार्थी वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये पंतप्रधान जूलिया गिलार्ड यांना राजकीय चौकशी आयोग जाहीर करावा लागला. तो पाच वर्षे चालला. आम्हांस त्यातली एक तजवीज फार आवडली. जाहीर सुनावण्यांना वार्ताहर हजर असत. परंतु ज्यांना एकान्तात सांगावयाचे होते, त्यांच्यासाठी निराळ्या खासगी बैठकी होत्या, आणि तेथे वार्ताहरास मज्जाव होता. आठ हजारांहून अधिक माणसे अशा बंद दाराआड बोलून गेली. त्यांतील कित्येकांनी ते आयुष्यात प्रथमच उच्चारले असेल. संस्था उजेडात आणि मूल सावलीत, अशी ही वाटणी आहे. आपल्याकडे ती पुष्कळदा उलटी पडते.

चेंगलपट्टूच्या मृत्यूनंतर तमिळनाडू सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. वकिलीच्या दिवसांत त्यांनी लढविलेल्या कोठडीतील मृत्यूच्या एका खटल्यावर 'जय भीम' हा चित्रपट निघाला, तेव्हा त्यांचे नाव मराठी वाचकांसही अपरिचित नाही. सरकारी मुलांची गृहे कशी सुधारावीत, हे त्यांनी सांगावयाचे होते. नोव्हेंबरात त्यांनी आपला अहवाल मुख्यमंत्र्यांच्या हाती दिला. येथे एक बारकावा आमच्या जातभाईंच्या लक्षात येईल. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेला आयोग असेल, तर त्याचा अहवाल, त्यावर काय केले याच्या टिपणासह, सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. नुसत्या समितीच्या अहवालास असले बंधन नाही. तो कपाटात किती काळ राहील, हे कपाटावर अवलंबून असते. आणि कोणी बाहेरचा माणूस दर महिन्यास येऊन विचारतो की नाही, यावर.

त्या नोव्हेंबरात आम्ही रोज सकाळी दुकानापुढचा कागद वाचीत होतो. अहवालाचे नाव त्यावर कधी दिसले नाही. सोन्याचा भाव होता, पावसाची सुट्टी होती.

आमच्या शेजारच्या घरातील कन्या एका दैनिकात काम करते. मागील पावसाळ्यात ती एका संध्याकाळी वही घेऊन आमच्याकडे आली. ती मुलांच्या गृहांवर लिहीत होती, आणि अशा संस्थांचे हिशेब कसे वाचावेत, हे तिला एखाद्या जुन्या हिशेबनिसाकडून समजून घ्यावयाचे होते. आम्ही दुधाचे, तांदळाचे, सतरंज्यांचे सांगितले. सौभाग्यवतींनी थालीपीठ आणले; तिने ते 'अडै' समजून खाल्ले व लोणचे मागून घेतले. मग आम्ही, का कोण जाणे, तिला टिंक्चरचे सांगितले. छत्तीस-सदतीस वर्षांत ही गोष्ट आम्ही दुसऱ्या कोणास सांगितली नव्हती. सौभाग्यवतीही ती प्रथमच ऐकत होत्या.

त्या अधीक्षकाचे नाव ती विचारील, किंवा ते हयात आहेत काय, हे तरी, अशी आमची अपेक्षा होती. इतक्या जुन्या प्रकरणात बातमी कसली, असे म्हणून ती वही मिटवील, असेही मनात आले. ती काही वेळ आमचे आकडे पाहात राहिली.

"सार, वर्षभरात नऊ, आणि ऑक्टोबरपर्यंत एकतीस," ती म्हणाली. "पण वाढ कोणत्या महिन्यापासून झाली? नोंदवहीत महिनेवार खप असेल ना?"

होता. आम्ही डोळे मिटले, तेव्हा ते पान आमच्यापुढे उभे राहिले. मार्च एक, एप्रिल शून्य, मे एक. त्याखाली लाल शाईची एक रेघ होती व दोन सह्या होत्या, कार्यभार देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. रेघेखालचे आकडे आम्ही तेव्हा नुसते बेरजेस घेतले होते.

"जूनपासून," आम्ही म्हणालो.

तिने ते लिहून घेतले, आणि मान वर न करता विचारले, "जूनमध्ये काय झाले होते, सार?"